राधाकिशनची जीभ

तलवाड्यात पिणारे होते आणि न पिणारे होते. पिणाऱ्यांची बसायची जागा ठरलेली होती, न पिणाऱ्यांची भजनाची ओसरी ठरलेली होती, आणि दोघांनाही एकमेकांशी कसं वागायचं ते ठाऊक होतं. राधाकिशनशी कसं वागायचं हे मात्र कोणालाच कळत नसे. तो प्यायचा, पण घोटभर. घोट तोंडात धरून डोळे मिटायचा, सावकाश गिळायचा आणि मग बराच वेळ गप्प बसून राहायचा. पिणारे म्हणत, हा आपली मजा बघायला येतो. न पिणारे म्हणत, हा घरी लपून पीत असणार. खुद्द राधाकिशनला कोणी विचारलं तर तो खरोखरच विचारात पडे. आपण नेमकं काय करतो, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

निजाम सरकारचं राज्य होतं. पहिलं मोठं युद्ध अजून सुरू व्हायचं होतं. राधाकिशन तेव्हा तिशीच्या आतबाहेर होता. वडील गेलेले, काळ्या रानाचा चांगला तुकडा वाट्याला आलेला, दावणीला बैल, घरात आई केशरबाई आणि बायको शिवकन्या. ज्वारी-कापूस करून सुखानं खावं असा संसार. त्याला हा नाद लागला तो एका हरवलेल्या गोऱ्ह्यापायी.

गोऱ्हा शोधत तो सकाळीच ओढ्याकाठच्या शिंदीच्या बनात गेला. तिथं म्हाळू झाडावरून मडकं घेऊन उतरत होता. शिंदी उतरवून दारूचा सरकारी ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या दुकानाला घालायची, हे त्याचं पिढीजात काम. वणवण फिरून आलाय म्हणून म्हाळूनं पळसाच्या पानाचा द्रोण करून त्यात ओतून दिली. राधाकिशननं आयुष्यात पहिल्यांदा शिंदी तोंडाला लावली आणि तो चकित झाला. ती गोड होती. नारळाच्या पाण्यासारखी, पण मागून कोवळ्या कणसाचा वास येणारी. ह्या असल्या गोड पाण्यासाठी लोक बायकामुलांना मारतात, हे त्याला पटेना.

गोऱ्हा दुपारी सापडला. परत येताना तो पुन्हा बनात शिरला आणि त्याच मडक्यातली शिंदी मागून घेतली. आता ती आंबट होती, जिभेला चावत होती, आणि वास तर पार बदललेला. त्याला वाटलं, म्हाळूनं मडकं बदललं. म्हाळू शपथेवर सांगू लागला की मडकं तेच, शिंदी तीच, हात लावला नाही.

"मग ह्यातली खरी कंची?" राधाकिशननं विचारलं.

म्हाळूला असला प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "खरी म्हंजी? शिंदीच हाय की मालक. पिऊन बघा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

राधाकिशननं ऱ्हाऊ दिली नाही. त्या दिवसापासून तो बनात जाऊ लागला. कधी पहाट फुटताना, कधी उन्हं वर आल्यावर, कधी दिवस कलताना. एका झाडाची शिंदी दुसऱ्या झाडासारखी का लागत नाही, ओढ्याला लागून असलेल्या झाडाची पातळ का लागते, ढग आले की तिला कसला वास येतो, हे तो बघू लागला. काल ठरवलेलं आज खोटं निघे. मग तो गुत्त्याच्या दुकानातली मोहाची दारू चाखून आला. ती घशातून जाळत गेली आणि नंतर तोंडात वाळलेल्या फुलांचा वास ठेवून गेली. आग खरी की फुलं खरी, याचा विचार करत तो घरी आला. तेव्हा केशरबाई दारातच बसल्या होत्या.

केशरबाई गळ्यात माळ घातलेल्या. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. पोरगा झोकांड्या खात येईल, मग आपण रडू, भांडू, शपथ घालू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पोरगा आला तो सरळ चालत, हातपाय धुतले, जेवायला बसला आणि भाकरीचा पहिला घास तोंडात धरून नेहमीसारखा गप्प झाला. त्यांनी त्याला दुसरी भाकरी वाढली. शिवकन्येजवळ त्या म्हणाल्या की दारुडा असता तर त्याचा काहीतरी उपाय केला असता, देवाच्या पायावर घातला असता. पण ह्याला झालंय काय तेच कळत नाही. शिवकन्येनं सासूला सांगितलं की तिलाही कळत नाही. ती त्यालाच एकदा म्हणाली होती, "अवो, तुमाला आवडतंय का ते? आवडत आसंल तर प्या, नसंल तर सोडा." त्यावर तो एवढंच म्हणाला होता की आवडतं की नाही तेच बघतोय.

त्याचा मामा मोहनराव हा मात्र त्याच्या बाजूचा होता. मोहनराव मोठा जमीनदार, तहसिलात उठबस असलेला, उर्दू फर्डं बोलणारा, खाण्यापिण्याचा शौकीन. त्याला हैदराबादेत जमिनीच्या कज्जाचं काम निघालं तेव्हा त्यानं सोबतीला भाच्याला घेतलं. बैलगाडीनं शहागडला गोदावरी ओलांडून दोघं जालन्याला गेले आणि तिथून रेल्वेनं हैदराबादेला. काम वकिलाच्या घरी रेंगाळत राहिलं. मग एका दुपारी मामा म्हणाला, चल, तुला तुझ्या जोगती जागा दाखवतो, आणि त्याला सिकंदराबादच्या छावणीत एका पारशाच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानात फळ्यांवर बाटल्याच बाटल्या. पारशी म्हातारा, चष्मेवाला, बोलायला गोड. मामानं भाच्याची ओळख करून दिली की आमच्या गावात याच्यासारखी जीभ कोणाची नाही. पारशानं हसत एक बाटली उघडली आणि काचेच्या पेल्यात तळाला थोडी ओतली. गर्द लाल, उन्हाकडे धरली तर डाळिंबाच्या दाण्यासारखी. ही द्राक्षाची, तो म्हणाला, फ्रान्स देशाची, कित्येक वर्षं लाकडी पिंपात राहिलेली.

दौलताबादकडची द्राक्षं राधाकिशननं एकदा खाल्ली होती. तसलं गोड काहीतरी येणार म्हणून त्यानं घोट घेतला, आणि कच्च्या बाभळीच्या शेंगेनं ओढावी तशी जीभ ओढली गेली. गोडीचा मागमूस नव्हता. तो थांबला. मग हळूहळू काहीतरी वर येऊ लागलं. ते काय होतं ते ओळखायला त्याला वेळ लागला.

"काय लागतंय बे?" मामानं विचारलं.

राधाकिशन संकोचला. "रागावू नगा," तो म्हणाला. "नव्या मोटंचं पहिलं पाणी लागतंय. चामड्याचं."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पारशी खूश झाला. तो सांगू लागला की छावणीतला एक गोरा कर्नल हीच बाटली चामड्याच्या वासासाठी घेतो आणि त्याची तारीफ करतो. दुसरा एक साहेब म्हणतो, हिला पावसात भिजलेल्या लाकडाचा वास आहे. तिसऱ्याला हिच्यात फुलं लागतात.

राधाकिशन आणखीच गोंधळला. त्याच्या गावात पाण्याला चामड्याचा वास आला तर पहिलं पाणी न पिता पाटात सोडून देत. इथं त्याच वासाचं कौतुक चाललेलं. त्यानं विचारलं की तिघांत बरोबर कोण? पारशी म्हणाला, तिघंही बरोबर. मग चुकीचं काय, असं त्यानं विचारलं तेव्हा पारशानं खांदे उडवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. नंतर त्यानं ही कशी करतात तेही सांगितलं, पण ते गुजराती आणि उर्दू मिसळलेलं बोलणं राधाकिशनला निम्मंच कळलं. फळं चेचायची हे कळलं. आंबू द्यायचं हेही कळलं. हवेबद्दल त्यानं बोट उगारून दोनदा बजावलं, तेवढं मात्र हवा लागू द्यायची की लागू द्यायची नाही, हे गाडीत बसल्यावर त्याच्या डोक्यात उलटसुलट होऊन गेलं.

मामानं त्याला एक बाटली घेऊन दिली. ती कापसात गुंडाळून त्यानं तलवाड्याला आणली आणि एका सकाळी वाड्याबाहेरच्या लिंबाखाली उघडली. म्हाळूला बोलावलं, मामा आलेलाच होता, आणि गावात जडीबुटीची औषधं देणारा मुंजाजी वाटेनं चालला होता त्यालाही बसवलं. म्हाळूनं घोट घेतला आणि विचारलं, ही बिघडली म्हणून तुमाला फुकट दिली का? मुंजाजी म्हणाला की हिरड्याचा काढा आहे, पोटाला चांगला. मामानं डोळे मिटून वाहवा केली, पण काय लागलं म्हणता त्याला सांगता येईना. राधाकिशननं स्वतः घेतली तर चामडं गायब. जांभळासारखं काहीतरी लागत होतं. दारू तीच, दुकान त्याच पारशाचं, चाखणारा माणूसही तोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली तर आंबूस आणि मेलेली.

जांभळाचा विचार मात्र डोक्यात राहिला. त्याच्या रानाच्या बांधाला जांभळाची झाडं होती आणि फळ दरवर्षी पाखरं खाऊन जात. दोन-तीन वर्षं मनात घोळवून एका ज्येष्ठात त्यानं पाट्या भरून जांभळं आणली, रांजणात चेचली, चवीपुरता गूळ घातला आणि फडकं बांधून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली. रांजण फसफसू लागला तेव्हा तो त्याच्याजवळ बसून ऐकत असे. हवेची गोष्ट आठवत नव्हती, म्हणून कधी तोंड मातीनं लिंपून टाकी, तर कधी भीती वाटून माती काढून उघडं ठेवी. वास आधी गोड आला, मग झणझणीत, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेला. केशरबाईंनी भजनाला जायचं बंद केलं, कारण बायका नाकाला पदर लावून त्यांच्याकडे बघत.

श्रावण सरता सरता आबकारीचा दरोगा फेरीवर आला. घोडं, दोन जवान, तोंडात पान. सरकारी गुत्त्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा होता. वासाच्या मागानं तो थेट गोठ्यापाशी येऊन उभा राहिला. गाव गोळा झालं. मोहनराव धावत आला. दरोगा वागायला सभ्य होता, त्यानं आवाज न चढवता विचारलं, "ये क्या है? सिरका या शराब?"

जांभळाचा सिरका, म्हणजे पार आंबून गेलेला रस, हकीम लोक पोटासाठी देतात, त्याला बंदी नव्हती. दारू असेल तर मात्र बेडी होती. दरोगा स्वतः नमाजी माणूस, दारूचा थेंब कधी ओठाला न लावलेला. चाखून ठरवायचं तर दुसऱ्या कोणाची तरी जीभ पाहिजे होती. एका जवानानं चाखली आणि छातीठोक सांगितलं, शराब. मुंजाजीनं चाखली आणि तितकंच छातीठोक सांगितलं, सिरका. दुसऱ्या जवानानं पहिल्याकडे बघितलं, मुंजाजीकडे बघितलं आणि चाखायचंच टाळलं. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं की गावात चवीतलं कळणारा एकच आहे, तो हाच. दरोग्याला गंमत वाटली. त्यानं वाटी भरून राधाकिशनच्या हातात दिली. म्हणाला, तुमचं नाव ऐकलंय, तुम्हीच सांगा.

मोहनराव मागून ओठ हलवून सांगत होता, सिरका म्हण, सिरका. केशरबाई दाराआड उभ्या होत्या. शिवकन्या गोठ्याच्या मेढीला धरून. एका शब्दाचं काम होतं. राधाकिशननं घोट घेतला आणि सवयीनं डोळे मिटले. आंबट होतं, हे नक्की. पण आंबटाखाली अजून ऊब होती. ती आहे असं वाटावं तोवर नाहीशी झाली, आणि नाही असं ठरवावं तोवर पुन्हा आली. दरोग्याचं घोडंसुद्धा पाय बदलू लागलं.

"सरकार," तो शेवटी म्हणाला, "वरचं सिरका हाय. खालचं अजून ठरलं न्हाई."

"ठरलं नाही, मतलब?"

"सकाळी मला सिरका वाटला हुता. आता दारूवानी लागतंय. लबाड बोलून काय करू? मलाच कळंना झालंय."

मामानं कपाळाला हात लावला. गर्दीत हशा झाला, पण दरोगा हसला नाही. तो राधाकिशनकडे बघत राहिला. माणूस प्यालेला आहे का, खुळा आहे का, की आपली थट्टा करतोय, याचा तो अंदाज घेत होता. एवढी वर्षं लोकांनी त्याच्यासमोर शपथा घेतल्या होत्या, पाय धरले होते, भट्टीला चूल म्हटलं होतं. मला कळत नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी त्यानं एक बाटली भरून लाखेची मोहोर लावली, ती बीडला तपासायला पाठवायची ठरवली, आणि रांजण मोहोरबंद करून चावडीत नेऊन ठेवला. राधाकिशनला त्यानं नेलं नाही. निकाल येईपर्यंत गाव सोडू नका, एवढंच सांगितलं.

निकाल यायला दिवाळी उलटून गेली. सिरका आहे, असं आलं. मामानं पेढे वाटले आणि भाच्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला की सुटलास, सरकारनंच खरं करून दिलं. राधाकिशनचा चेहरा काही खुलला नाही.

"आज सिरका हाय मामा," तो म्हणाला. "त्या दिशी काय हुतं ते कुठं कळलं?"

चावडीतून परत आलेला रांजण आता डोळ्यांत पाणी आणील इतका आंबट झाला होता. मुंजाजी तो पोटदुखीसाठी वाटीवाटीनं नेऊ लागला, आणि केशरबाई पुन्हा भजनाला जाऊ लागल्या, कारण आता पोरगा औषध करणारा ठरला होता. पोरगा तोच होता आणि रांजणही तोच होता. राधाकिशन आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राही.

पुढे मानमोडीच्या साथीचं साल आलं. तापानं माणसं पटापटा गेली. घरं कुलुपाविना उघडी पडली. राधाकिशनला ताप आधी आला. तो उठला खरा, पण उठल्यावर त्याच्या ध्यानात आलं की भाकरी मातीसारखी लागते आहे, मिरची नुसती भाजते आहे, आणि गुळाचा खडा तोंडात धरला तर दगड धरल्यासारखा वाटतो आहे. जीभ गेली होती. त्याचं दुःख करायला सवड नव्हती, कारण तोवर केशरबाई अंथरुणाला लागल्या होत्या.

मुंजाजी घरोघर काढा देत फिरत होता. त्यानं एक लोटी इथंही ठेवली. भर दुपारी शिवकन्या पाणी आणायला गेलेली, राधाकिशन आईच्या उशाशी. त्यानं लोटी पुढे केली तेव्हा म्हातारीनं तोंड फिरवलं. तिला लहानपणापासून कडू जात नसे.

"कडू हाय का रं?" तिनं विचारलं. "तूच चाखून सांग. तुला कळतंय."

आजवर तिनं त्याच्या जिभेचं नाव काढलं होतं ते फक्त कपाळ बडवायला. राधाकिशननं काढ्याचा घोट घेतला. सवयीनं डोळे मिटले. काहीच नव्हतं. कोमट काहीतरी घशाखाली गेलं, एवढंच.

"न्हाई माय," तो म्हणाला. "गोड हाय."

केशरबाई प्यायल्या. तोंड वाकडं केलं नाही, थबकल्या नाहीत, लोटी रिकामी केली. मग त्याचा हात धरून म्हणाल्या, "व्हय. गोडच हाय की."

त्या गेल्या, आणि दिवसकार्य उरकल्यावर हे त्याच्या मनात रुतून बसलं. आईची जीभही त्याच्यासारखी गेली होती का? की कडू असून ती त्याच्यासाठी गोड म्हणाली? की काढा खरोखरच गोड होता? त्यानं मुंजाजीला गाठून विचारलं की त्या दिवशी लोटीत काय होतं. मुंजाजी त्या साथीत निम्मा झाला होता. तो म्हणाला, काडेचिराईत असणार, म्हणजे कडूच. पण म्हाताऱ्या माणसांना मी मध घालून देत होतो. केशरबाईंना घातला की नाही, ते आता आठवत नाही. तेव्हा कोणाला काय दिलं ते कसलंच आठवत नाही. राधाकिशननं पुन्हा विचारलं. मुंजाजीनं पुन्हा तेच सांगितलं.

जीभ परत आली ती तुकड्यातुकड्यानं. आधी मीठ आलं. मग एका सकाळी ताकात आंबटपणा आला. गोड यायला पुढचा उन्हाळा लागला, आणि कडू नीटसं आलंच नाही. शिवकन्येनं कारल्याची भाजी केली तर तो मुकाट्यानं खाई, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राही. शिंदीच्या बनात तो जायचा, पण म्हाळूनं द्रोण पुढे केला की, तूच सांग आज कशी आहे, म्हणायचा. म्हाळूचं उत्तर ठरलेलं असे: शिंदीसारखी.

काही वर्षांनी मोहनराव पुन्हा हैदराबादेला जाऊन आला. छावणीतलं ते दुकान चालू होतं, पारशी वारला होता, मुलगा बसत होता. मामानं तीच बाटली ओळखून आणली होती, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. लिंबाखाली बाज टाकून दोघं बसले. शिवकन्येनं घरातून दोन वाट्या आणून दिल्या आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली. राधाकिशननं घोट घेतला. जीभ ओढली गेली. त्यानं चामडं शोधलं, जांभूळ शोधलं. काहीतरी होतं, पण ते दारूतलं की आठवणीतलं, हे त्याला वेगळं करता येईना. दारू बदलली होती की तो, की दोन्ही. आणि पहिल्या वेळी दुकानात लागलं ते तरी खरं होतं कशावरून?

"कशी हाय बे?" मामानं विचारलं.

"लई दिसांनी भेटलेल्या माणसावानी," राधाकिशन म्हणाला. "वळखीचं वाटतंय, पर नाव याद येईना."

मामाला याचा काही अर्थ लागला नाही. त्यानं आपली वाटी संपवली, राधाकिशनची उरलेली आपल्या वाटीत ओतून घेतली आणि शिवकन्येला विचारलं की घरात भाजलेल्या शेंगा आहेत का.